डबल बेल

घर हलवायचं ठरलं तेव्हा जावई अंघोळीला गेलेले होते. चार भिंतींचं घर असतं तर यात बिघडण्यासारखं काही नव्हतं. पण हे घर चाकांवरचं होतं आणि त्याच्या स्टिअरिंगवर सासरे बसले होते.

सासऱ्यांना सगळे पायलट म्हणत. म्हणजे ते विमान चालवत असतील असं समजू नका, जन्मभर त्यांनी बस चालवली. त्यांच्या डेपोत ड्रायव्हरला पायलट आणि कंडक्टरला मास्तर म्हणायची पद्धत होती. पायलटच्या बसवर ज्या मास्तर होत्या, त्यांच्याशीच पुढे त्यांचं लग्न झालं. त्यामुळे घरीदारी, नातेवाइकांत, अगदी लग्नपत्रिकांवरसुद्धा हे जोडपं पायलट आणि मास्तर असंच राहिलं. निवृत्तीनंतर त्यांनी फ्लॅट भाड्याने दिला, एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली आणि तिच्यात राहायला गेले. आत दोन पलंग, शेगडी, घडीचं टेबल आणि एक न्हाणीघर. साबण खाली पडला तर तो उचलायला दार उघडून बाहेर यावं लागे, एवढं ते न्हाणीघर मोठं होतं.

या गाडीत पायलटनी हौसेने स्वतःच्या हातांनी काही गोष्टी बसवल्या होत्या. ड्रायव्हरच्या मागे एक फळी, तिला मधोमध काच. फळीवर स्वतः रंगवलेली पाटी, 'चालकाशी बोलू नये'. आणि मागच्या दारापासून थेट त्यांच्या कानापर्यंत घंटीची दोरी. मास्तरांनी सिंगल बेल मारली की थांबायचं, डबल बेल मारली की निघायचं. तीन मारल्या की गाडी भरली, आता मधे कुठे थांबायचं नाही. दार लागलं का, माणसं आत आली का, मागे मोकळं आहे का, हे बघणं मास्तरांचं काम. उभ्या नोकरीत पायलटनी कधी मागे वळून पाहिलं नव्हतं, आणि याचा त्यांना अभिमान होता.

ड्रायव्हरशेजारची सीट तशी रिकामीच असायची. तिच्यावर पायलटची टोपी आणि थर्मास प्रवास करत. मास्तरांची जागा मागे, दाराजवळ, दोरीखाली, तोंड मागच्या खिडकीकडे. असं का, हे पायलटनी कधी विचारलं नाही आणि मास्तरांनी कधी सांगितलं नाही. बसमध्ये तसं होतं, म्हणून इथेही तसंच.

आजचा दिवस मात्र पायलटच्या जिवावर उठलेला होता. मागच्या वसंतात गाडी घेताना मास्तर म्हणाल्या होत्या, "एक वर्ष बघते. पुढच्या वसंतात सांगेन, गाडीत राहायचं की घरी जायचं. मग त्यावर वाद नाही." ते वर्ष झालं. फ्लॅटमधले भाडेकरू चाललेत, आता नवे बघायचे की आपणच परत जायचं, हे ठरवायलाच हवं होतं. टेकडीवरच्या सफरचंदाच्या बागेत आज सगळ्यांसोबत चहा घेताना आपण काय ते सांगू, असं मास्तरांनी जाहीर केलं होतं. तेव्हापासून पायलटचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गाडीशिवाय आपण कसे जगणार, हा विचार आला की ते उठून समोरची काच पुसत.

म्हणून त्यांनी वसंत ऋतूसकट सगळी माणसं आपल्या बाजूने जमवली होती. डेपोतले जुने मित्र फोरमन आपली छोटी गाडी घेऊन आले होते. लेकीला सुट्टी नव्हती, तिने नवऱ्याला पुढे पाठवलं होतं. ते जावई आल्या आल्या, व्हॅन ज्याच्या काठी उभी होती त्या तळ्यात घसरून पडले आणि त्यांचे कपडे व्हॅनच्या बाजूला ताणलेल्या कापडी छताला बांधलेल्या दोरीवर वाळत पडले. एकच पाहुणी विरोधी पक्षातली होती. मास्तरांची थोरली बहीण, इस्पितळातून निवृत्त झालेल्या मेट्रन. त्या पर्समध्ये फ्लॅटची किल्ली घेऊनच आल्या होत्या.

"अशा डब्यात कोणी राहतं का?" मेट्रन कालपासून म्हणत होत्या. "हात लांब केला तर स्वयंपाकघर, पाय लांब केला तर बेडरूम."

"ताई, सकाळी दार उघडलं की तळं दिसतं," मास्तर म्हणाल्या.

"फोटो लाव ना घरात तळ्याचा."

तर सकाळी चहा झाला. तळ्याकाठची झाडं कोवळ्या पानांनी नुसती लखलखत होती आणि पक्ष्यांनी एवढा गलका केला होता की त्यांचंही काहीतरी ठरायचं असावं. पायलट इंजिन चालू करून स्टिअरिंगवर बसले. समोरची काच त्यांनी पुन्हा एकदा पुसली, मग पुन्हा एकदा.

"मास्तर, आटपा. बहर काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

"बहर आठवडाभर आहे," मास्तर बाहेरून म्हणाल्या. "छत गुंडाळायचंय, कपडे काढायचेत. बेल दिल्याशिवाय हलू नका."

"बेल दिल्याशिवाय कधी हललोय?" पायलट दुखावले आणि सवयीप्रमाणे पाण्याच्या पंपाचं बटण बंद करून समोर बघत बसले.

मास्तरांनी कपड्यांच्या दोरीचं झाडाकडचं टोक सोडलं. फोरमन मदतीला म्हणून जवळ उभे होते. चहाच्या वाफेने धुरकटलेला चष्मा ते आत टेबलावरच विसरून आले होते, त्यामुळे मदत म्हणजे उभं राहणं एवढीच होती. आणि आत गाडीत मेट्रननी कप धुतले, पुसले आणि ओला टॉवेल वाळत घालायला जागा शोधली. डोक्यावर एक छान ताणलेली दोरी होती.

टॉवेल टाकला, टण झालं. टॉवेल घसरला. मेट्रननी तो झटकून नीट घातला आणि पुन्हा टण झालं.

पायलटनी ब्रेक सोडला.

आरशात त्यांनी पाहिलं नाही. आरशात बघायचं तर मास्तर कशाला, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. व्हॅन पंख पसरावा तसं एका बाजूला कापडी छत पसरून निघाली. छताला दोरी, दोरीवर जावयांची पँट, शर्ट, टॉवेल आणि मेट्रनचा फुलाफुलांचा गाऊन. सगळी वरात मास्तरांच्या हातातून सुटून पुढे गेली. मास्तरांच्या हातात चिमट्यांची पिशवी राहिली. दुसरा हात सिंगल बेल मारायला आपोआप वर गेला. वर दोरी नव्हती, आभाळ होतं.

"वहिनी," फोरमन डोळे बारीक करून म्हणाले, "इथे मघाशी काहीतरी मोठं पांढरं होतं ना?"

"ते आमचं घर होतं," मास्तर म्हणाल्या.

इकडे व्हॅनमध्ये न्हाणीघराच्या दारावर आतून टकटक झाली.

"मावशी, गाडी चालू आहे का?"

"मग काय भूकंप होतोय का?" मेट्रन शेगडीला धरून उभ्या होत्या.

"पाणी गेलंय. माझ्या अंगाला साबण आहे."

"असू दे. साबणाने दगावलेला माणूस मी नोकरीत पाहिला नाही." मग त्यांनी मागच्या खिडकीतून पाहिलं. लांब झाडाखाली त्यांची धाकटी बहीण एक हात वर करून उभी होती आणि लहान लहान होत चालली होती.

मेट्रन धडपडत पुढे गेल्या आणि काचेवर थापा मारू लागल्या. "अहो पायलट, थांबवा. ती मागे राहिली." इंजिनाच्या आवाजात पायलटना थापा तेवढ्या ऐकू आल्या. त्यांनी मान न वळवता, अत्यंत नम्रपणे, एक बोट मागे करून पाटी दाखवली.

"पाटी काय दाखवता?" मेट्रन संतापल्या. आयुष्यभर डॉक्टरांना ओरडलेली बाई, आणि हा बसवाला तिला पाटी दाखवतो.

तेवढ्यात जावई टेबलक्लॉथ गुंडाळून बाहेर आले. कानात फेस होता. "मावशी, घंटीची दोरी ओढा ना. बाबा घंटीचं ऐकतात."

"किती वेळा ओढायची?"

"ते आईंनाच माहीत. पण ओढा जोरात."

मेट्रनच्या इस्पितळात नियम सोपा होता. ज्याला एकदा हवं तो एकदा घंटी दाबतो, ज्याचा जीव चालला तो दाबत सुटतो आणि मग सगळे पळत येतात. त्यांनी दोरी दोन्ही हातांनी धरली आणि एक, दोन, तीन अशी दणकून ओढली.

तीन बेल. गाडी भरली, मधे कुठे थांबू नका.

पायलटनी आनंदाने स्टिअरिंगवर थाप मारली. वर्षभरात मास्तरांनी कधी तीन बेल दिल्या नव्हत्या. म्हणजे तिलाही घाई झाली. बागेत कधी एकदा पोचतो असं झालंय तिला. ती गाडी ठेवायची म्हणणार, नक्की म्हणणार. त्यांनी वरचा गिअर टाकला आणि शीळ घालायला सुरुवात केली. शीळ त्यांना येत नसे, पण आज कोण ऐकतंय.

पुढे गाव लागलं. लोक दुकानांतून बाहेर येऊन हात हलवायला लागले. बेकरीवाला पाव हातात धरून ओरडला, एक सायकलवाला बाजूने काहीतरी सांगत बराच वेळ दामटत आला. छत हेलकावे खात होतं आणि जावयांची पँट कमरेतून वाकून सगळ्यांना नमस्कार करत होती. पायलटनी सर्वांना हात केला. "काय माणसं आहेत," ते भारावून स्वतःशीच म्हणाले. "वसंत आला की माणूस कसा बदलतो."

मागे मेट्रननी आणखी तीनदा दोरी ओढली. पायलटनी वेग वाढवला.

"मावशी, ओढू नका," जावई टेबलाचा पाय धरून म्हणाले. "तुम्ही ओढलं की गाडी पळते."

"मग ढकलू का दोरी?"

तिकडे तळ्याकाठी मास्तर फोरमनच्या गाडीजवळ पोचल्या होत्या. "भाऊजी, काढा गाडी."

"वहिनी, चष्मा आत राहिला."

"चष्म्याशिवाय काय दिसतं?"

"तुम्ही दिसता. तुमच्या मागे काहीतरी हिरवं दिसतं."

"तो डोंगर आहे. चावी द्या."

"तुम्ही चालवणार? लायसन्स आहे?"

मास्तरांनी कमरेच्या पाकिटातून लायसन्स काढून त्यांच्या नाकासमोर धरलं. तेवढ्या जवळून फोरमनना ते वाचता आलं. "अहो, हे तर चालू आहे."

"डेपोत रात्रपाळीच्या रिकाम्या बस धुवायला कोण न्यायचं, भाऊजी?"

"मला वाटायचं पायलट."

"पायलट तेव्हा चहाला जायचे," मास्तर म्हणाल्या आणि गाडी अशी वळवली की फोरमनना चष्मा नसल्याचं समाधान वाटलं.

वाटेत आधी टॉवेल सापडला. मग कुंपणावर शर्ट, मग एका शांत गाईजवळ मेट्रनचा गाऊन. प्रत्येक ठिकाणी मास्तर थांबल्या, उतरल्या, कपडा झटकून घडी घालून फोरमनच्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा निघाल्या. प्रवाशाचं सामान रस्त्यावर टाकणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांना राग आलेला होता, चांगला सणसणीत आलेला होता. पण गावाबाहेर रस्ता चढाला लागला आणि समोरून, हो, समोरून, पांढऱ्या-गुलाबी झाडांची एक रांग त्यांच्याकडे यायला लागली. वळण आलं की आधी वळण, मग त्यामागून ओढा, मग त्यामागून पिवळ्या फुलांचं शेत. सगळं त्यांना भेटायला येत होतं. त्यांनी काच खाली केली. राग होता तिथेच राहिला, पण त्याच्या शेजारी येऊन दुसरंच काहीतरी बसलं आणि त्यांना हसू यायला लागलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मी आज काय सांगणार होते, माहितीये?"

"गाडी ठेवायची म्हणून."

"नाही. घरी जायचं म्हणून."

फोरमन घड्या सांभाळत त्यांच्याकडे वळले. "का हो? एवढं छान चाललंय तुमचं."

"त्यांचं छान चाललंय. मी वर्षभर मागच्या खिडकीतून बघतेय. डोंगर, नद्या, फुलं, सगळी मला पाठ दाखवून गेलेली. ते पुढून म्हणणार, मास्तर, समोर बघा काय आलं. आणि मला दिसेपर्यंत ते गेलेलं."

"मग सांगायचं ना त्याला."

"कसं सांगणार? चालकाशी बोलू नये."

चढाच्या मध्यावर पायलटना आरशात नाही, पण शेजारच्या काचेतून एक छोटी गाडी दिसली. ती मोकळी जागा बघून, इशारा देऊन, सफाईने त्यांना ओलांडत होती. ही तर फोरमनची गाडी. फोरमन कधीपासून इतकी सुंदर चालवायला लागला? पायलट मनापासून दाद देणार, एवढ्यात त्या गाडीने एक हॉर्न दिला. एकच, आखूड.

पायलटचा पाय ब्रेकवर गेला. डोक्याला कळायच्या आधी गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पुढच्या गाडीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि तळवा सपाट करून खालीवर झाला. असा थांबायचा इशारा आता कोणी देत नाही. त्या हाताच्या बेलवर त्यांनी आयुष्यभर गाडी थांबवली होती.

त्यांनी जन्मात पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. काचेपलीकडे विस्कटलेल्या मेट्रन होत्या आणि टेबलक्लॉथमधले जावई होते. त्यांनी पुन्हा पुढे पाहिलं. पुढे मास्तर गाडीतून उतरत होत्या.

"मास्तर, तुम्ही पुढे कशा?" ते खाली उतरून म्हणाले.

"तुम्ही मागे सोडलंत म्हणून."

"पण डबल बेल झाली होती. शपथ. मग तीन झाल्या."

"डबल बेल नाही, टॉवेल," मेट्रन दारातून म्हणाल्या. "आणि तीन म्हणजे माझा जीव चालला होता."

पायलटनी लटकलेलं छत पाहिलं, पँट पाहिली, बायकोच्या हातातली चिमट्यांची पिशवी पाहिली, आणि गाडीच्या पायरीवर मटकन बसले. जिला वसंत दाखवायचा तिलाच आपण टाकून आलो. आता बागेत जायची गरज नव्हती, निकाल इथेच लागला होता. "चुकलं गं," ते हळूच म्हणाले. रस्त्यावर असताना त्यांनी तिला 'तू' म्हणायची ही पहिलीच वेळ होती.

मेट्रननी संधी साधून पर्समधून किल्ली काढली. "झालं ना आता? चल घरी. निदान घर तुला सोडून पळत तरी नाही."

मास्तरांनी किल्लीकडे पाहिलं, मग वरच्या वळणाकडे. "नवे भाडेकरू बघ, ताई. गाडी ठेवायची."

पायलट उठायला गेले आणि त्यांचं डोकं छताच्या दांडीला आपटलं.

"थांबा, पुढचं ऐका. गाडी मी चालवणार. बेल तुम्ही मारायची."

जावयांना शर्ट मिळाला, फोरमनना चष्मा मिळाला आणि फोरमन आपल्या गाडीने पुढे गेले. जावयांची बॅग त्यांच्या डिकीत तळाशी होती, ती बागेत गेल्यावर काढू असं ठरलं, कारण ओली पँट घालण्यापेक्षा टेबलक्लॉथ बरा होता. पायलटनी छत गुंडाळलं, दार लावलं, मागे मोकळं आहे का पाहिलं आणि दोरीखाली जाऊन डबल बेल दिली. मास्तरांनी सीट पुढे ओढून घेतली होती. व्हॅन तुपासारखी निघाली.

पायलट मागच्या खिडकीकडे तोंड करून बसले. एक बहरलेलं झाड आलं, म्हणजे गेलं. मग आणखी एक गेलं. ओढा गेला. ज्या वळणाची ते सकाळपासून वाट बघत होते तेही पाठ फिरवून निघून गेलं. त्यांना आधी मळमळलं आणि मग वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. ते उठून काचेजवळ गेले. "अगं, इथून तर काहीच येताना दिसत नाही."

मास्तरांनी मान न वळवता एक बोट मागे केलं.

पायलटनी पाटी वाचली. अक्षर चांगलं आलं होतं. ते मुकाट्याने मागे गेले आणि सिंगल बेल मारली. गाडी लगेच थांबली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"उतरायचंय."

"इथे कुठे?"

"पुढच्या सीटवर."

मास्तरांनी थोडा वेळ त्यांना तसंच ताटकळत ठेवलं. मग टोपी त्यांच्या हातात दिली आणि थर्मास खाली ठेवला. पायलट शेजारी येऊन बसले, आणि दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की आता मागे बेल मारायला कोणी नाही.

"मी आहे ना," मेट्रन मागून म्हणाल्या. त्यांनी दोरीवरचा टॉवेल काढला, घडी घातली आणि पदभार स्वीकारल्यासारख्या उभ्या राहिल्या. "निघायच्या किती म्हणालीस?"

"दोन, ताई."

मेट्रननी दोरी ओढली. एक. दोन. आणि क्षणभर थांबून, तीन.

समोर सफरचंदाची बाग येत होती. फाटकाशी फोरमन चहाची भांडी मांडून, चष्मा घालून, दोन्ही हात हलवत उभे होते. मास्तरांनी पायलटकडे पाहिलं. पायलट म्हणाले, "तीन बेल आहेत. नियम म्हणजे नियम." मास्तर हसल्या आणि त्यांनी गिअर बदलला. फाटक आलं आणि गेलं.

मागच्या खिडकीत टेबलक्लॉथ सावरत जावई उभे होते. "मावशी, माझी बॅग," ते म्हणाले.

ती तिसरी बेल चुकून होती की मुद्दाम, ते मेट्रननी अजून कोणाला सांगितलेलं नाही. पुढच्या वळणावर त्यांनी पुन्हा तीनदा मारली.